अंगणातल्या स्वयंपाकाला गॅसची भट्टी घेताना

आजचा विषय आहे गॅसच्या भट्टीचा. घरातल्या ओट्यावरची शेगडी आपल्या ओळखीची आहे. पण बचत गटाला शंभर पानांची ऑर्डर आली, बारशाचं जेवण आलं, जत्रेत झुणका-भाकरीचा गाडा लावायचं ठरलं, की ती शेगडी पुरत नाही. मग अंगणात तीन दगडांची चूल मांडली जाते. धुराने डोळे चुरचुरतात, सरपण ओलं निघालं तर जेवण लांबतं आणि सगळा दिवस फुंकणीत जातो. म्हणून बैठकीत कुणीतरी म्हणतं, “बायांनो, आता गॅसची भट्टी घेऊया.”

विचार चांगला आहे. पण भट्टीला लागणारा पैसा गटाचा असतो, दर महिन्याला एकेकीने बाजूला टाकलेला. आणि भट्टीपुढे चार-पाच तास उभं राहणारी बाईही आपल्यातलीच असते. चुकीची भट्टी आली, तर पैसे जातात आणि अंगावर बेतण्याची भीती राहते. म्हणून दुकानात जाण्याआधी काय ठरवायचं, दुकानात काय बघायचं आणि भट्टी घरी आल्यावर ती कशी वापरायची, हे आज क्रमाने बघूया.

आधी पदार्थ, मग भांडं, मग भट्टी

दुकानदार आधी ज्वाळ दाखवतो. नॉब फिरवला की भसकन आवाज येतो, फूटभर आग उठते आणि आपल्याला वाटतं, भट्टी जोरदार आहे. पण तेवढी आग आपल्याला लागते का, हे दुकानदाराला माहीत नसतं. ते आपणच ठरवायचं.

बैठकीत एक कागद घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत काय काय रांधलं ते लिहा. प्रत्येक पदार्थापुढे भांडं लिहा. त्यातून तीन प्रकार निघतील.

पहिला प्रकार शिजवण्याचा: भात, आमटी, मटणाचा रस्सा. भांडं मोठं आणि खोल. इथे सुरुवातीला मोठी आच लागते, उकळी आल्यावर मंद. दुसरा प्रकार तळण्याचा: भजी, पुऱ्या, चकली, शेव. कढई पसरट. इथे आच एकसारखी राहायला हवी, आणि हवी तेव्हा चटकन कमी होणारी. तिसरा प्रकार भाजण्याचा: भाकरी, थालीपीठ, पुरणपोळी. तवा मोठा असला, तर ज्वाळ मधे एकवटून चालत नाही. ती पसरलेली लागते, नाहीतर भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते.

आता मोजा. तुमच्या गटाचं काम मुख्यतः भाकरीचं असेल, तर भातासाठी बनवलेली आग ओकणारी भट्टी उपयोगाची नाही. आठ-दहा किलो तांदळाचा भात लावत असाल, तर छोट्या बर्नरवर तो तासन्‌तास रखडेल. दोन्ही कामं असतील, तर एका प्रचंड भट्टीपेक्षा एक मोठी आणि एक मध्यम अशा दोन वेगळ्या भट्ट्या बऱ्या. एकीवर भात, दुसरीवर भाजी. एक बिघडली तरी ऑर्डर अडत नाही.

भांड्याचा आणखी एक नियम लक्षात ठेवा. ज्वाळ भांड्याच्या बुडाखालीच राहिली पाहिजे. ती बुडाबाहेर येऊन कडेने वर चढू लागली, तर तेवढा गॅस हवेत गेला म्हणून समजा. शिवाय भांड्याचे कान तापतात आणि ढवळणाऱ्या बाईच्या पदराला आग लागायची भीती असते.

कमी दाब आणि जास्त दाब

बाजारात भट्ट्यांचे दोन प्रकार मिळतात आणि बहुतेक चुका इथेच होतात.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर टाकीतल्या गॅसचा दाब खूप कमी करून देतो. शेगडीचा बर्नर तेवढ्याच दाबासाठी बनवलेला असतो. मोठ्या भट्टीचा बर्नर मात्र बऱ्याचदा जास्त दाबाचा असतो. त्याला वेगळा, जास्त दाबाचा रेग्युलेटर लागतो.

जास्त दाबाच्या भट्टीला घरचा रेग्युलेटर लावला, तर ज्वाळ मरगळलेली येते. मग भट्टी खराब आहे म्हणून ओरड होते. उलट केलं, म्हणजे घरच्या शेगडीला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला, तर ते सरळ धोक्याचं आहे. ज्वाळ अंगावर येते, नळी सुटू शकते. म्हणून भट्टी, रेग्युलेटर आणि नळी हे तिन्ही एकमेकांना जुळणारे, एकाच वेळी विकत घ्या. “रेग्युलेटर घरचा चालेल” असं दुकानदार म्हणाला, तर भट्टी कमी दाबाची आहे का, ते त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.

रोज पाच-पन्नास माणसांचंच जेवण असेल, तर कमी दाबाची मोठी शेगडी बहुतेक वेळा पुरते. ती आवाज करत नाही, आच नीट कमी-जास्त होते आणि नव्या बाईलाही पटकन हाताळता येते.

दुकानात काय बघायचं

बर्नर हातात घेऊन बघा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा बर्नर जड असतो, आच सोसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पातळ पत्र्याचा बर्नर स्वस्त मिळतो, पण लवकर वाकतो आणि भोकं वेडीवाकडी होतात. भोकं एकसारखी आहेत का, ती साफ करायला बर्नर सुटा होतो का, हे विचारा. रस्सा उतू जाणारच आणि भोकं बुजणारच.

मग सांगाडा. चारही पाय जमिनीला टेकतात का? दोन्ही हातांनी दाबून हलवून बघा. अंगण काही फरशीसारखं सपाट नसतं. वीस-तीस किलोचं उकळतं पातेलं त्यावर राहणार आहे. जोड वेल्डिंगचे असावेत आणि पातेलं ठेवायची जाळी जाड असावी.

आता उंची. ही गोष्ट फार कमी जणी बघतात. भट्टी दोन फूट उंच आणि तिच्यावर दीड फुटाचं पातेलं म्हटलं, तर पातेल्याचा काठ साडेतीन फुटांवर येतो. आपल्यातल्या साधारण बाईचं कोपर जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर असतं. म्हणजे तिला खांद्याच्या जोरावर, हात उचलून ढवळावं लागणार. वाफ तोंडावर येणार. खोल पातेल्यासाठी बुटकी भट्टी घ्या, काठ कोपराच्या खालीच राहील अशी. तव्यासाठी आणि कढईसाठी थोडी उंच चालते. दुकानात जाताना ज्या दोघी-तिघी प्रत्यक्ष रांधतात, त्यांनाच न्या. हिशोब ठेवणारी बरोबर असू द्या, पण उभं राहून बघायचं ते रांधणाऱ्या बाईनेच.

आणि शेवटी, आपलं पातेलं बरोबर न्या. त्यात पाणी भरा, भट्टीवर ठेवा आणि पेटवून दाखवायला सांगा. ज्वाळ निळी आली पाहिजे. पिवळी, लवलवणारी आली आणि पातेल्याला काजळी धरली, तर हवा आणि गॅसचं मिश्रण जुळलेलं नाही. बर्नरच्या बुडाशी हवेची झडप असते, ती फिरवून ज्वाळ निळी होते का बघा. नंतर आच अगदी मंद करायला सांगा. मंद केल्यावर भट्टी विझत असेल, तर तिच्यावर भात मुरणार नाही आणि दूधही राहणार नाही.

नळी

नळीकडे आपण लक्ष देत नाही, पण गळती बहुधा तिथेच होते. घरच्या शेगडीला आयएसआय खुणेची नारिंगी सुरक्षा नळी लावतात. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर छापलेलं साल वाचा. जास्त दाबाच्या भट्टीला जाड, आत तारेची जाळी असलेली, त्या दाबासाठीच बनवलेली नळी लागते. बागेला पाणी घालायची नळी, जुनी फुटलेली आणि चिकटपट्टी गुंडाळलेली नळी, किंवा दोन तुकडे जोडून लांब केलेली नळी कधीही वापरू नका. दोन्ही टोकांना पट्टा स्क्रूने घट्ट हवा. दोऱ्याने किंवा तारेने बांधलेलं चालत नाही.

गळती बघायची असेल, तर साबणाचा फेस करून जोडावर लावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

टाकी कुणाच्या नावाची?

आता जरा अवघड गोष्ट. बरेच गट ऑर्डरच्या दिवशी एखादीच्या घरची लाल टाकी उचलून आणतात. ती १४.२ किलोची घरगुती टाकी असते. २००० सालच्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार ती घरच्या स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पकडलं गेलं, तर टाकी जप्त होते आणि कारवाई होते.

ती कुणावर होते? पुस्तकावर ज्याचं नाव, त्याच्यावर. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत मिळालेली जोडणी तर घरातल्या बाईच्याच नावावर असते. काम गटाचं, नफा सगळ्यांचा आणि तपासणी आली की प्रश्न एकीला. हे गटाच्या रीतीला धरून नाही. शिवाय तिच्या घरची टाकी महिन्याच्या मधेच संपते आणि ती पुन्हा चुलीकडे वळते. हा तोटा कुठल्याही वहीत लिहिला जात नाही.

धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी मिळते. ती गटाच्या नावावर घ्या. कागदपत्रं कोणती आणि अनामत किती, ते जवळच्या गॅस एजन्सीत विचारून पुढच्या बैठकीत सांगा. काम अजून थोडं असेल, तर ५ किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून मिळते. इंडेनची अशी टाकी ‘छोटू’ नावाने विकली जाते. ती उचलायला हलकी आणि भाकरीच्या गाड्याला सोयीची. पण मोठ्या भट्टीला ती पुरणार नाही.

टाकी ताब्यात घेताना दोन गोष्टी वाचा. एक, वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवरचं अक्षर आणि साल. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी २७’ लिहिलं असेल, तर टाकीची पुढची तपासणी २०२७ च्या जूनपर्यंत व्हायची आहे. ती मुदत उलटून गेलेली टाकी परत करा. दोन, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. समजा १८.५ लिहिलंय, तर भरलेली टाकी ३७.५ किलो भरली पाहिजे. काट्यावर ठेवून बघा. मागायला लाजू नका.

टाकीला पांढरं दव का येतं?

मोठी भट्टी मोठ्या आचेवर तासभर चालली, की टाकी गार पडते. तिच्यावर दव धरतं, कधी पांढरं बर्फही. ज्वाळ बारीक होते. गॅस संपला असं वाटतं, पण हलवून बघितलं तर टाकी जड लागते.

टाकीत गॅस पातळ असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून घेतो. आपण फार जोरात गॅस ओढला, की तेवढी उष्णता त्याला मिळत नाही. थंडीच्या दिवसांत हे जास्त होतं.

अशा वेळी टाकी आडवी करणं, तिच्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा ती भट्टीजवळ सरकवणं हे तिन्ही जिवाशी खेळ आहेत. आडव्या टाकीतून पातळ गॅस नळीत येतो आणि आगीचा लोळ उठतो. टाकी नेहमी उभीच. आच थोडी कमी करा, दोन भट्ट्या एका टाकीवर चालवू नका. काम नेहमीच मोठं असेल, तर एजन्सीच्या मेकॅनिककडून दोन टाक्या जोडून घ्या.

अंगणातली जागा

घराबाहेरच्या भट्टीचा पहिला शत्रू वारा. वाऱ्याने ज्वाळ भांड्याखालून पळते आणि गॅस दुप्पटीने जळतो. वारा येतो त्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, पण भट्टीला चारही बाजूंनी कोंडू नका. बर्नरला हवा लागते. आडोशाच्या आत टाकी कधीच ठेवू नका. तिथे ती तापते. टाकी भट्टीपासून निदान पाच-सहा फूट लांब, सावलीत आणि सपाट जागी ठेवा. जाण्या-येण्याच्या वाटेवर नळी आडवी टाकू नका. मुलं खेळताना अडखळतात.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोल जागी साठतो. म्हणून खड्डा, गटार, विहीर, बळद यांच्या शेजारी टाकी नको. जवळपास चूल, उदबत्ती किंवा विडी नको.

पाऊस आला की भट्टी आत ओढायचा मोह होतो. बंद खोलीत मोठी भट्टी पेटवू नका. हवा कोंडली की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं आणि बाई तिथेच कोसळू शकते. पडवीत किंवा दोन बाजू उघड्या असलेल्या मांडवातच भट्टी लावा. मांडवाचं कापड ज्वाळेपासून लांब ठेवा.

जाळीवर भाजायचं असेल तर

शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या काही गटांकडे पाहुणे भाजलेलं मागतात: मक्याची कणसं, पनीर, कोंबडी. त्यासाठी वर जाळी असलेली गॅसची भट्टी मिळते. ती घेताना बघा, की बर्नरवर तिरका पत्रा आहे का आणि खाली चरबी साठायला काढता येणारी थाळी आहे का. चरबी थेट ज्वाळेवर पडली, तर आग भडकते. ती थाळी दर वेळी रिकामी करायची. जाळी जाड आणि घासता येईल अशी असावी.

पण एक गोष्ट खरी. हुरड्याला गोवऱ्यांच्या आराची जी चव येते, किंवा खानदेशातल्या भरताच्या वांग्याला कपाशीच्या काड्यांवर जो खमंगपणा येतो, तो गॅसवर येत नाही. पाहुणे त्याच चवीसाठी येत असतील, तर तेवढ्यापुरता आर ठेवा. गॅसची भट्टी भाताला, रश्श्याला, चहाला वापरा. सगळंच गॅसवर आणायची सक्ती कुणी केलेली नाही.

पेटवताना, विझवताना

सुती कपडे घाला, पदर आणि ओढणी खोचून घ्या. आधी पेटती काडी बर्नरजवळ धरा, मग नॉब हळूच उघडा. आधी गॅस सोडून मग काडी शोधत बसू नका. काम संपलं की आधी टाकीचा रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग भट्टीचा नॉब बंद करा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी मारायचं नाही. पाण्याने जळतं तेल उडतं. गॅस बंद करा आणि मोठं झाकण ठेवा. झाकण आधीच हाताशी असू द्या. गॅसचा वास आला, तर आजूबाजूची सगळी आग विझवा, रेग्युलेटर बंद करा, माणसं लांब न्या. विजेचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. गळतीसाठी देशभर १९०६ हा नंबर आहे. कुणी भाजलं, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. जास्त भाजलं असेल, तर १०८ ला फोन करा.

पानाला किती गॅस?

भट्टी परवडते की नाही, हे काटा सांगतो. ऑर्डरच्या आधी टाकी वजन करा, नंतर पुन्हा करा. समजा आधी ३७.५ होती, नंतर ३४ भरली. म्हणजे साडेतीन किलो गॅस लागला. टाकी १९०० रुपयांची धरली, तर किलोला १०० रुपये, म्हणजे ३५० रुपयांचा गॅस. पानं शंभर, तर पानामागे साडेतीन रुपये. ऑर्डरचा भाव सांगताना हे साडेतीन रुपये त्यात धरा. अशा चार-पाच ऑर्डरी लिहिल्या, की कुठे गॅस वाया जातो तेही कळतं. एक साधा अंदाज सांगते: वीस लिटर पाणी उकळायला पाव किलोपेक्षा थोडा जास्त गॅस लागतो. झाकण ठेवलं नाही, वाऱ्यात भट्टी ठेवली, तर बराच जास्त. डाळ-तांदूळ भिजवून घेतले, झाकण ठेवलं, उकळीनंतर आच कमी केली, तर तोच पैसा गटाकडे राहतो.

येत्या बैठकीत तीन ठराव लिहा. भट्टी बघायला रांधणाऱ्या कोण दोघी जाणार. टाकी गटाच्या नावावर कुणी आणि कधीपर्यंत करायची. आणि भट्टी पेटवणं-विझवणं निदान चौघींना शिकवायचं, म्हणजे एकच बाई कायम आगीपुढे उभी राहणार नाही. एवढं ठरलं, की मग दुकानात जा. जाताना आपलं पातेलं मात्र विसरू नका.